डार्क सोया सॉस घालून घरी चिकन-मासे करणारे कोणी आहे का? (माझं डांबर झालं)

नवी_सुगरण
नमस्कार मंडळी, चार महिने झाले सिंगापूरला येऊन, अहोंची बदली. मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणीच्या आईने परवा घरी जेवायला बोलावलं आणि एक चिकन खाऊ घातलं, तपकिरी, चकचकीत, रस्सा भाताला धरून बसलेला, आत अख्खी उकडलेली अंडी. विचारलं काय घातलंत, तर म्हणे सोया सॉस, लसूण, साखर, चक्रीफूल, झालं. म्हटलं एवढंच ना. किती सोया सॉस? तीन चमचे. मी दुकानातून दिसायला सगळ्यात भारी वाटली ती बाटली आणली, त्यावर डार्क लिहिलेलं, आणि तीन मोठे चमचे घातले. कढईत डांबर झालं हो. आणि गंमत म्हणजे रंगावरून वाटेल खारट ठार असेल, तर चव घेतली आणि अळणी! वर एक कडसर, काकवी करपल्यासारखी चव. मीठ घातलं, साखर घातली, शेवटी लिंबू पिळलं, मग तर विचारूच नका. अहोंनी दहीभात खाल्ला.

माझं काय चुकलं? आणि तुम्ही लोक घरी असलं काही करत असाल, चिकन, पोर्क, मासे, काहीही, तर कसं करता तेही लिहा. हक्का नूडल्स आणि मंचुरियन नको, ते येतं.

तिखटजाळ
फोटो नाही तर पदार्थ नाही.

नवी_सुगरण
फोटो काढलाय, पण कढई कुठे संपते आणि चिकन कुठे सुरू होतं ते कळत नाही.

खाडीपलीकडे
सुगरणताई, चूक तुमची नाही, शेजारणीने 'सोया सॉस' म्हटलं तेव्हा तिच्या डोक्यात लाइट होता. इथे नुसतं सोया सॉस म्हटलं की लाइट. डार्क ही वेगळी वस्तू आहे, तो रंगासाठी. मिठाचं आणि चवीचं काम लाइट करतो. तुम्ही मिठाच्या जागी हळद घातलीत असं समजा.

मी तेरा वर्षं आहे इथे. तोआ पायोला राहायचो तेव्हा समोरच्या दारात एक होकियन (मूळच्या चीनच्या फूजियान प्रांताकडच्या) आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, त्यांच्याकडून मी ताउ यू बाक शिकलो. ताउ यू म्हणजे सोया सॉस, बाक म्हणजे मांस, इतकं सरळ नाव. त्या डार्क सोया चमच्याने घेतच नसत, बाटलीच्या बुचात ओतायच्या. एक बूच. अर्धा किलो पोर्कला एक बूच. मी एकदा मोजलं, एक छोटा चमचा भरतो बरोब्बर. आधी कढईत थोडं तेल आणि दोन चमचे साखर, साखर विरघळून लालसर झाली की मांसाचे तुकडे टाकून परतायचे, मग लसणाच्या पाकळ्या सालासकट, दहा-बारा तरी, सोलायच्या नाहीत, सोलल्या की विरघळून जातात आणि आजी रागावतात. चक्रीफूल एक, दालचिनीचा तुकडा, काळी मिरी. मग लाइट दोन-अडीच चमचे, बूचभर डार्क, बुडेल इतकं गरम पाणी, आणि मंद आचेवर सव्वा तास. शेवटच्या वीस मिनिटांत उकडलेली अंडी आणि तळलेलं पोकळ टोफू, ते स्पंजसारखं रस्सा पितं.

चिकनचं करायचं तर तेच, फक्त अर्धा तास पुरे. पाणीही कमी.

एक युक्ती: दुकानात बाटली आडवी करून परत सरळ करा. लाइट पाण्यासारखा खाली उतरतो, काच स्वच्छ. डार्कचा तपकिरी पडदा काचेवर राहतो आणि सावकाश उतरतो. लेबल वाचता नाही आलं तरी चालतं.

शेंगदाणा_कूट
बूच ही वजनमापं खात्याने मान्य केलेली एकके आहेत का?
(ह.घ्या.)

मुक्काम_शांघाय
खाडीपलीकडे यांना +१, पण थोडी भर. चायनीजमध्ये लाइटला 'शंग चोउ' आणि डार्कला 'लाओ चोउ' म्हणतात, म्हणजे ताजा उपसा आणि जुना उपसा, पिंपातून काढण्यावरून. डार्क जास्त दिवस मुरवलेला असतो आणि बहुतेक वेळा त्यात काकवी नाहीतर कॅरॅमल घालतात, म्हणून ती जळक्या काकवीची चव आली तुम्हाला. जीभ बरोबर आहे तुमची.

शांघायच्या घरगुती जेवणाचं वर्णनच इथले लोक 'दाट तेल, लाल सॉस' असं करतात. होंग शाओ, म्हणजे लाल शिजवणं. होंग शाओ रो हे पोटाकडच्या चरबीवाल्या पोर्कचं, आणि त्यात साखर इतकी की पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला वाटलं चुकून गोडाचं वाढलंय. तुमच्या कामाची गोष्ट अशी की त्यात साधी साखर नाही घालत, खडीसाखर घालतात! आपली देवापुढची खडीसाखर. रश्शाला तकाकी तिच्याने येते असं इथल्या बायका छातीठोकपणे सांगतात, मला साखरेत आणि तिच्यात फरक कळलेला नाही पण वाद कोण घालणार. पाण्याबरोबर शाओशिंगची तांदळाची दारू घालतात, अर्धी वाटी तरी.

मावळातला_म्हातारा
श्रावण तोंडावर आलाय आणि हे असले धागे. नोंद घेतली जाईल.

चुलीपाशी
म्हातारेबाबा, तोंडावर आलाय म्हणूनच तर. गटारीची तयारी नको का करायला?

मुक्काम_ओसाका
इथे एक मोठा गोंधळ होणार आहे म्हणून आधीच लिहिते. जपानी पाककृतीत डार्क सोया म्हणून जे भाषांतर होतं ते कोइकुची, आणि त्याचा चायनीज डार्कशी काही संबंध नाही. कोइकुची हा इथला रोजचा सॉस. त्याहून फिकट तो उसुकुची, तो आमच्या कानसाईत जास्त वापरतात, ह्योगोमधलं तात्सुनो त्यासाठी प्रसिद्ध आहे. आणि गंमत बघा, फिकट तो जास्त खारट! कोइकुचीत मीठ साधारण १६ टक्के आणि उसुकुचीत १८-१९. फिकट दिसतो म्हणून मी पहिल्या वर्षी सढळ हाताने ओतला होता, नवरा अजून काढतो तो विषय.

माशाचं सांगते. थंडीत बुरी मिळतो, चरबीदार मासा, त्याचं आणि मुळ्याचं करतात, बुरी दाइकोन. हो मुळा, आपला पांढरा मुळा, फक्त मांडीएवढा. माझ्या सासूबाई (कोल्हापूरच्या, जपानी नाही) आल्या होत्या, माशात मुळा म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि नंतर मासा बाजूला ठेवून मुळ्याच्याच चकत्या मागून मागून खाल्ल्या, कारण सगळा रस मुळा ओढतो. करायचं असं: माशाच्या तुकड्यांवर आधी उकळतं पाणी ओतायचं, पृष्ठभाग पांढरा झाला की लगेच गार पाण्यात घालून रक्त, खवले बोटाने काढायचे. ही पायरी टाळलीत तर वास राहतो आणि मग कितीही आलं घाला. मुळा आधी वेगळा उकडून घ्यायचा. मग साके (तांदळाची दारू), मिरीन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू), साखर, आल्याच्या चकत्या, आणि सॉस शेवटी. इथे क्रम पाठ करवतात, सा-शि-सु-से-सो, साखर, मीठ, व्हिनेगर, सोया, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा). गोडी आत शिरायला वेळ लागतो म्हणून साखर पहिली.

तिखटजाळ
तीन मोठे चमचे चुकीचे, एक बूच बरोबर, पण जपानचा असेल तर तीन मोठे चमचे बरोबर. समजलं. म्हणजे नाही समजलं.

पुण्यात_पण_खवय्या
तुम्ही सगळे परदेशात, तुमचं ठीक आहे. इकडे कोपऱ्यावरच्या दुकानात जी बाटली डार्क सोया म्हणून मिळते तिच्या पाठीवरचं वाचा एकदा भिंग घेऊन. मी वाचलंय. एका बाटलीवर क्रम होता पाणी, साखर, मीठ, रंग आणि मग कुठेतरी सोयाबीन. बिचारं सोयाबीन रांगेत शेवटी. ती घालून मी पोर्क केलं तर रस्सा काळा आणि चव व्हिनेगर घातलेल्या मिठाच्या पाण्याची. कंपनीचं नाव नाही घेत.

जुनाजाणता
खवय्याशी सहमत, पण जरा शास्त्र. सोया सॉस दोन पद्धतींनी होतो. एक, सोयाबीन उकडून भाजलेल्या गव्हाबरोबर मिसळायचे, त्यावर कोजीची बुरशी वाढू द्यायची आणि मग मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवायचं. दुसरी, सोयाबीनचा चोथा आम्लात उकळायचा, काही दिवसांत प्रथिनं फुटतात, मग आम्ल मारायचं आणि रंग आणि चव वरून घालायची. ही दुसरी स्वस्त. नीट केली नाही तर त्यात ३-एमसीपीडी नावाचा नको असलेला पदार्थ तयार होतो, २००१ साली ब्रिटनच्या अन्न खात्याने बाहेरून आलेल्या काही सॉसबद्दल यावरूनच इशारा दिला होता. म्हणून बाटलीवर 'नॅचरली ब्रूड' शोधा आणि घटकांत सोयाबीन, गहू, पाणी, मीठ ही चार नावं आधी दिसतात का बघा.

आणि गहू आहे हे लक्षात ठेवा, ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी नाही हा. तामारी नावाचा जपानी प्रकार बहुतेक बिनगव्हाचा असतो, पण तिथेही लेबल वाचायचं.

डॉक्टर_आहे_पण_जेवतो
जाता जाता, लाइटच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाला २००० च्या आत राहा. बीपीवाल्यांनी रस्सा भुरकायचा नाही, फोडी खायच्या. आणि सोया घातल्यावर वरून मीठ घालणाऱ्यांनी क्लिनिकला भेट द्यावी.

शेंगदाणा_कूट
आला. प्रत्येक पाककृतीच्या धाग्यावर हा माणूस बीपीचं मशीन घेऊन येतो.

कढीपत्ता_७
पनीर घालून केलं तर?

तिखटजाळ
नाही.

माडाखालचा_पेद्रू
मडगावचा आहे, कामाला दुबईत, खोलीत दोन फिलिपिनो. त्यांचं आदोबो आठवड्यातून दोनदा असतंच. चिकन नाहीतर पोर्क, सोया सॉस, व्हिनेगर, लसूण, तमालपत्र, अख्खी मिरी. पहिल्यांदा वास आला तेव्हा मला एकदम घर आठवलं, कारण व्हिनेगर आणि लसूण, म्हणजे आमचं विंदालूच की, फक्त मिरची विसरलेलं! आमच्याकडे पोर्तुगीज आले, त्यांच्याकडे स्पॅनिश. पण नाव स्पॅनिश असलं तरी व्हिनेगरमध्ये शिजवणं त्यांचं स्वतःचं, १६१३ च्या एका तागालोग कोशात स्पॅनिश पाद्र्याने त्याला 'इथल्या लोकांचं आदोबो' म्हणून लिहून ठेवलंय. सोया त्यात नंतर चिन्यांमुळे आला. बिनसोयाचं पांढरं आदोबो अजून करतात, आणि आमच्या खोलीत यावरून भांडण आहे, एकाचं गाव पांढरं करतं आणि दुसऱ्याचं काळं.

एकच नियम दोघांना मान्य. व्हिनेगर घातल्यावर उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही. ढवळलं तर कच्चा आंबटपणा राहतो म्हणतात. मी एकदा ढवळलं तर चमचा हिसकावून घेतला. मी सुट्टीवरून येताना माडाच्या सुरेचं व्हिनेगर नेलं होतं, त्यात केलं, तेव्हापासून मला सुट्टी लवकर घे म्हणतात.

चुलीपाशी
पेद्रू बाब, माशाचं नाही करत का आदोबो?

माडाखालचा_पेद्रू
करतात ना, आणि माकुलांचंही. पण आमच्या खोलीत मासे मी करतो. तो करार आहे.

जकार्ताची_जाऊबाई
कोणी इंडोनेशियाचं लिहिलंच नाही! इथे तर सरळ गोड सोया, केचाप मानिस, ताडगूळ घालून इतका दाट केलेला की मधासारखा पडतो. आणि हो, केचप हा शब्द याच घराण्यातला, टोमॅटो त्यात खूप नंतर शिरला. माझी कामवाली मावशी बेतावी आहे, म्हणजे मूळ जकार्ताची, ती ईदला सेमुर करते, गोमांसाचं, केचाप मानिस, जायफळ, लवंग, कांदा, आणि मंद आचेवर तासन्‌तास. सेमुर हा शब्द डच 'स्मोर'वरून, म्हणजे झाकून मंद शिजवणं. मी चिकनचं करते, बटाटे घालून. जायफळ आणि गूळ एकत्र, त्यामुळे घरात पुरणपोळीचा वास सुटतो आणि ताटात चिकन येतं. पहिल्या वेळी मुलगा फसला होता.

सुगरणताई, तुमच्याकडचा डार्क सॉस आणि गूळ मंद आचेवर एकत्र आटवला तर केचाप मानिसच्या जवळपास जातं. एकास एक गूळ. तुमची बाटली सत्कारणी लागेल.

मुक्काम_ओसाका
@जाऊबाई, पुरणपोळीचा वास आणि चिकन, हे वाचून मला हसू आणि भूक एकदम.

हुनानचा_जावई
मुक्काम_शांघाय यांच्या होंग शाओ रोला सासुरवाडीच्या वतीने हरकत. बायको हुनानची. तिच्या मते शांघायवाले लोक मांसाला गुलाबजाम समजतात. माओंच्या गावचं, शाओशानचं, म्हणून जे होंग शाओ रो प्रसिद्ध आहे त्यात पारंपरिक पद्धतीने सोया सॉसच नसतो. रंग येतो तो फक्त जाळलेल्या साखरेचा, आणि वर सुकी लाल मिरची. साखर कढईत वितळवायची, मधाच्या रंगावरून पिंगट होईपर्यंत थांबायचं, बुडबुडे मोठे असतात ते बारीक व्हायला लागले की त्या क्षणी मांस टाकायचं. अर्धा मिनिट उशीर झाला की कडू. मी सात वेळा केलंय, चार वेळा कडू. सासरे काही बोलत नाहीत, नुसते भात जास्त घेतात.

म्हणजे या धाग्याचा विषयच तिच्या मते रद्दबातल आहे. डार्क सोया म्हणजे ज्याला साखर जाळता येत नाही त्याची कुबडी.

खाडीपलीकडे
मग मी कुबडीवाला. चारदा कडू करण्यापेक्षा एक बूच परवडलं.

मुक्काम_शांघाय
जावईबापू, सातात चार कडू हा आकडा सांगून तुम्ही आमचीच बाजू मांडलीत :)

बरं, एक मासा राहिलाच, आणि खरं तर मला तेच लिहायचं होतं. वाकटी. हो, आपली वाकटी. मी रत्नागिरीचा, आमच्याकडे वाकटी म्हणजे सुकवायची, पावसाळ्यात भाजून भाकरीबरोबर खायची, ओली कोणी फार कौतुकाने आणत नाही, पाहुणे आले तर अजिबात नाही. इथे हाच मासा दाय यू, पट्ट्यासारखा मासा, आणि घरोघरी लाडका. भारतातून चीनला वाकटी मोठ्या प्रमाणावर जाते, आपल्या आणि गुजरातच्या किनाऱ्यावरची. बाजारात बर्फातल्या चंदेरी पट्ट्या बघून मी आईला व्हिडिओ कॉल लावला, ती म्हणाली एवढ्या लांब जाऊन वाकट्याच खातोस का रे.

करतात असं. दोन-तीन बोटं लांब तुकडे, चंदेरी वर्ख धुताना खरवडायचा नाही. कापडाने अगदी कोरडे करायचे, इथेच सगळं ठरतं, ओला तुकडा तेलात गेला की चिकटलाच. कढई तापवून तिला आल्याचा तुकडा सगळीकडून घासायचा, मग तेल. तुकड्यांना कॉर्नफ्लॉवरचा अगदी हलका हात, तव्यावरच्या भाकरीला पीठ लावतो तितकाच. तेलात सोडले की हात लावायचा नाही, कड सोनेरी दिसली की आपोआप सुटतो, मग उलटायचा. काढून ठेवायचे. त्याच तेलात आलं, लसूण, पातीचा कांदा, एक चक्रीफूल, मासे परत आत, कडेने दोन चमचे दारू, एक चमचा काळं व्हिनेगर, दोन चमचे लाइट, अर्धा छोटा चमचा डार्क, चमचाभर साखर, गरम पाणी तुकडे अर्धे बुडतील एवढंच. झाकून आठ-दहा मिनिटं, मग झाकण काढून मोठ्या आचेवर रस्सा चमच्याने माशावर घालत घालत आटवायचा. ढवळायचं नाही, कढई हलवायची.

खायची पद्धत पण आहे, दोन्ही कडांचे बारीक काटे दातांनी फणीसारखे ओढून काढतात, मग मधला काटा, दोन्हीकडचं मांस मोकळं. ऑफिसातल्या लोकांनी माझ्याकडे बघितलं, मी पाच मिनिटांत तीन तुकडे साफ केले, तेव्हापासून मला परदेशी समजत नाहीत.

भाईंदरची_कोळीण
वाकटीला नावं ठेवणाऱ्यांनी आमच्याकडे यावं. ओल्या वाकटीचं कालवण खाल्लंय का कधी? चिंच, मिरची, लसूण. सोया कशाला. पण कोरडा करायचं आणि हात लावायचा नाही हे बरोब्बर लिहिलंत भाऊ, तेवढं कळतं म्हणजे कोकणातलेच.

कढीपत्ता_७
सुरमईचं होईल का?

मुक्काम_शांघाय
होईल, पण जाड तुकडा घ्या आणि वेळ कमी, सुरमई लवकर कोरडी पडते. पापलेटचं फार सुंदर होतं. मात्र ताजा पापलेट मिळाला तर कँटनचे लोक त्याला डार्क लावणार नाहीत, वाफवून वर लाइट आणि उकळतं तेल, बस. डार्कचं काम मांस, चरबी आणि उग्र माशांवर.

पुण्यात_पण_खवय्या
अवांतर: चिकन मंचुरियनची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे ना? १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी आपल्याच आलं-लसूण-मिरचीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला. म्हणजे आपणही आपल्या परीने...

तिखटजाळ
मूळ पोस्टमध्ये मंचुरियन नको म्हटलंय. वाचा.

नवी_सुगरण
सगळ्यांचे खूप आभार, तीन दिवस नुसती वाचत होते. आज परत केलं. चिकनच्या तंगड्या आठ, लाइट अडीच चमचे, डार्क एक बूच, खडीसाखर (देव्हाऱ्यातली, संपली, सासूबाईंना सांगू नका), लसूण सालासकट. साखर जाळायचं धाडस केलं नाही, जावईबापूंचे आकडे वाचून. बूच ओतलं तेव्हा वाटलं एवढ्याने काय होणार, आणि पाच मिनिटांत पाणी चहासारखं, मग आटत आटत विटेच्या रंगाचं झालं. अंड्यांवर छान तपकिरी कवच. एका अंड्याला मी अर्धं बाहेर ठेवलं होतं चुकून, ते दोन रंगांचं झालं, मुलीने तेच मागून घेतलं. अहोंनी दहीभाताला हात लावला नाही. फक्त थोडं गोड झालं, पुढच्या वेळी खडीसाखर कमी.

रात्री व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना दाखवलं. त्या दोन सेकंद बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जळलं का गं?"

शेंगदाणा_कूट
अभिनंदन! बाटली केवढी आहे तुमची?

नवी_सुगरण
६४० मिलीची.

शेंगदाणा_कूट
पहिल्या दिवशी तीन मोठे चमचे म्हणजे ४५ गेले, आज एक बूच म्हणजे ५. उरले ५९०. आठवड्यातून एकदा एक बूच धरलं तर ११८ आठवडे, म्हणजे सव्वादोन वर्षं. अहोंची बदली किती वर्षांची आहे?

नवी_सुगरण
दोन.

जकार्ताची_जाऊबाई
म्हणून म्हणतेय, गूळ आणा.